वशिंड नसलेला बैल

मी गेम खेळते आणि त्याचा पगार घेते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतो. आत त्याचं लेकरू डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत असतं. असली माहिती त्याच्या कानावर जाऊ नये, एवढीच त्या माणसाची इच्छा असते. नांदेड-लातूरकडं हे साहजिक आहे. इथं दर तिसऱ्या घरात एक डॉक्टर तयार होत असतो.

खरं तर मी खेळत नाही, तपासते. संगणकावरचे आणि मोबाइलवरचे गेम बाजारात येण्याआधी त्यांत काय चुकलंय ते हुडकून लिहून कळवायचं, हे माझं काम. धंद्यात आम्हाला टेस्टर म्हणतात आणि चुकीला बग. या कामाला सोळा वर्षं झाली. पहिली सहा पुण्यात, काचेच्या इमारतीत. पुढची दहा नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या घरात, वडिलांच्या टेबलावर. वडील पाटबंधारे खात्यात होते. त्या टेबलावर त्यांनी धरणाच्या भिंतीतल्या गळतीचे अहवाल लिहिले, मी खोट्या भिंतींतल्या गळतीचे लिहिते.

हे शब्दशः खरं आहे. पहिल्या नोकरीत पहिले चार महिने मी भिंतींना धडकत होते. गेममधल्या किल्ल्याला भिंती असतात. त्यातली एखादी फट बुजवायची राहून जाते आणि खेळणारा तिच्यातून आरपार निघून पोकळीत पडतो. म्हणून कुणीतरी प्रत्येक भिंतीला, प्रत्येक कोपऱ्याला, चालत, पळत, उडी मारत धडकून बघावं लागतं. आठ तास. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्या भिंतीपासून. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या गंभीर झाल्या.

"दिवसभर भिंतीला धडकतीस? आन् पैसे तेच देतेत?"

"हो काकू."

"मग आमच्या म्हाताऱ्याला लाव की. चष्मा न लावता ते फुकटच धडकत असतेत."

सोळा वर्षं धडकल्यावर या धंद्याबद्दल काही मतं झाली आहेत. ती मोठ्या कंपन्यांनी कधी विचारली नाहीत, म्हणून इथं लिहिते.

पहिलं म्हणजे आकाराचा सोस. हल्लीच्या प्रत्येक मोठ्या गेमची जाहिरात नकाशाच्या क्षेत्रफळानं सुरू होते. एवढे डोंगर, एवढी गावं, एवढी बेटं. ती सगळी मी चाललेली आहे. तीन तालुक्यांएवढ्या मुलखात दोनच तऱ्हेची माणसं भेटतात: एक तुम्हाला काम सांगणारी आणि दुसरी हवा चांगली आहे म्हणणारी. उमरीच्या आठवडी बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं तर यापेक्षा जास्त ऐकायला मिळतं. अलीकडं त्या माणसांची बोलणीही यंत्राकडून लिहून घेतात. आता ती थांबतच नाहीत. एका गेममधल्या लोहाराला मी नालेचा भाव विचारला, तर तो वीस मिनिटं लोखंडाच्या माहात्म्यावर बोलला आणि भाव सांगितला नाही. मी नोंद केली: लोहार पुढाऱ्यासारखा बोलतो. ती नोंद अजून कुणी उघडलेली नाही.

दुसरं, अर्धा शिजलेला माल विकायची पद्धत. गेम विकायचा, आणि त्यातल्या चुका पुढं महिनाभर दुरुस्त करून पाठवत राहायचं. म्हणजे लग्नाची पंगत आज उठवायची आणि वरणातलं मीठ मंगळवारी घरपोच द्यायचं. लोकही आता मिठाची वाट बघत बसतात आणि मीठ आलं की आभार मानतात.

तिसरं, थाट. देवादिकांचे, राजेमहाराजांचे भारतीय गेम आता पुष्कळ निघतात आणि त्यांची अनावरणं होतात. समई, शाल, धुराचे लोट, पडद्यावर सोन्याचं सिंहासन. नायकाच्या दाढीचा केस न् केस वाऱ्यावर सुटा हलतो. पण त्याच्या राजवाड्यातलं एकही दार उघडत नाही आणि सगळ्या राज्यात कुणी जेवताना दिसत नाही. मला आवडणारे गेम बहुतेक दोन-तीन माणसांनी केलेले असतात. त्यांना दाढी परवडत नाही, म्हणून ते दाराकडं लक्ष देतात.

आता एक चूक सांगते, कारण पुढचं त्याशिवाय समजायचं नाही. ही चूक माझी.

पुण्यात असताना तळ्यात मासे पाळायचा एक साधासा गेम तपासला होता. रोज मासे बघायचे, खायला घालायचं, पिल्लं होतात, संपलं. तपासताना एकदा, एकदाच, सगळं तळं रिकामं झालं. मी पुन्हा तसं घडवून बघायचा प्रयत्न दोन दिवस केला. घडलं नाही. नियम असा, की जे पुन्हा घडत नाही त्याची नोंद बंद करायची, म्हणजे शोध सोडून द्यायचा. मी बंद केली. पुढं आठ महिन्यांनी कंपनीत निलंग्याहून एक फोन आला आणि मजल्यावर मराठी बोलणारी मीच, म्हणून माझ्याकडं आला. रिटायर हेडमास्तर होते. रोज पहाटे चहाआधी मासे बघायचे.

"मॅडम, रागानं बोलत नाही," ते म्हणाले. "फक्त एवढंच विचारायचंय. एकशे बारा मासे होते. कुठं गेले?"

मी म्हटलं, सर, चूक झाली, तुम्हाला नवे मासे देता येतील.

"नवे कशाला? मी त्यांची नावं ठेवली होती."

त्या दिवशी ठरवलं, ज्याचं कारण कळलं नाही ती नोंद बंद करायची नाही. हा नियम मी बारा वर्षं पाळला आणि लातूरच्या वैभवच्या वेळी मोडला.

वैभव लातूरचा. हैदराबादेतली चांगली नोकरी सोडून आला आणि वडिलांच्या सरकी पेंडेच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, तीन पोरांना घेऊन गेम करायला बसला. गेम शेतीचा. पण परदेशी गेममध्ये असते तशी, हजार एकराची आणि विमानानं फवारणीची नाही. आपली शेती: पाच एकर, विहीर, एक बैलजोडी, नांगर, तूर आणि सोयाबीन. कुणी बोलत नाही, कुणी मरत नाही. पहिल्यांदा खेळून बघितला तेव्हाच मला कळलं, की हे पोरगं दाराकडं लक्ष देणाऱ्यांतलं आहे. मी त्याच्यासाठी निम्म्या पगारावर तपासायचं कबूल केलं.

बेंगळुरूच्या एका प्रकाशक कंपनीला गेम आवडला होता. गेमच्या धंद्यात प्रकाशक म्हणजे गेम बाजारात नेणारा, जाहिरात करणारा. त्यांनी एक तारीख दिली होती. त्या तारखेला नांगरणी चोख चालणारी आवृत्ती दाखवायची, मग पुढचं बोलू. वैभवच्या वडिलांनीही तीच तारीख धरली होती. त्या दिवशी जमलं तर जमलं, नाही तर वरच्या मजल्यावर पेंडेची पोती जातील आणि वैभव हैदराबादला. हे त्यांनी रागानं सांगितलं नव्हतं. पेंड ठेवायला जागा कमी पडत होती.

आणि नांगरणी चालत नव्हती. जू सरकत होतं. जोडी जुंपली, दहा पावलं गेली, की जू बैलांच्या मानेवरून मागं घसरत पाठीवर, पाठीवरून शेपटीकडं जाई. बैल पुढं, नांगर मागं, मधे जू एकटंच हवेत. पोरांनी वजनाचं गणित बदललं, मातीची ओल बदलली, दोर आखडले. तीन आठवडे हेच. शेवटी त्यांनी एक न दिसणारा खिळा ठोकला, म्हणजे जू मानेच्या एका बिंदूला कायमचं चिकटवून टाकलं. आता सरकेना. तासाच्या, म्हणजे नांगराच्या ओळीच्या, टोकाला जोडी वळताना मान जराशी ताणल्यासारखी दिसे, पण चाले. जू का सरकतं, ते कुणालाच कळलं नव्हतं. मलाही नाही. तारखेला पंधरा दिवस उरले होते. मी नोंद बंद केली.

त्याच आठवड्यात माझे दत्तामामा आले. उमरीजवळच्या खेड्यात त्यांची शेती. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं, म्हणून काही दिवस माझ्याकडं मुक्काम. डोळ्यावर पट्टी, टीव्ही बघायचा नाही, धुळीत जायचं नाही. बसून कंटाळले आणि माझ्या मागं खुर्ची टाकून बसले.

"काय करून राहिलीस बाई?"

"काम."

"खेळून राहिलीस की."

"तेच काम आहे, मामा."

"बरं हाय." मामांनी पडद्याकडं बोट केलं. "ते काय जनावर हाय?"

"मामा! बैल आहे. आपला लाल कंधारी."

"हाव?" मामा पुढं सरकले आणि डावा डोळा पडद्याला लागेल इतके वाकले. "शिंगं बरी हायत. रंग बी हाय. वशिंड कुठं गेलं याचं?"

मी बघितलं. तीन महिने रोज आठ तास तो बैल मी बघत होते. आणि त्या बैलाच्या मानेमागं, जिथं वशिंडाचा उंचवटा असतो तिथं, पाट टाकून बसावं इतकी सपाट पाठ होती.

"त्या बिगर वशिंडाच्या मानंवर जू ऱ्हाईल कसं?" मामा म्हणाले. "अडायला काय हाय तिथं? आन् वळताना मान बघ कशी ओढून राहिलीय. त्याला लागतंय की गं."

झालं होतं असं. बैलाचं तयार चित्र, म्हणजे सगळ्या बाजूंनी फिरवता येणारा हाडामासाचा साचा, पोरांनी परदेशी दुकानातून विकत घेतला होता. तिकडच्या बैलाला वशिंड नसतं. यांनी त्याला लाल रंग दिला, शिंगं बदलली, गळ्यात घुंगरं घातली. सगळे तोंडाकडं बघत होते. मीही. आम्ही सगळी, बैल बसच्या खिडकीतून बघितलेली माणसं.

वैभवला फोन लावला.

"ताई, तो बग तुम्हीच बंद केला होता ना?"

"हो. घाईनं केला. आता उघडते."

"ताई, अकरा दिवस राहिलेत. बेंगळुरूवाल्यांना बैलाला वशिंड असतं का नाही, हे ठाऊक तरी असंल का?"

"नसेल. पण वळताना मान ताणते ते त्यांनाही दिसेल. तू मानेला खिळा ठोकलायस वैभव. तो खिळा काढला की जू सरकतं आणि ठेवला की बैलाचा जिराफ होतो."

मग तो म्हणाला, "कुणी सांगितलं हे?"

"माझ्या मामांनी. एका डोळ्यानं."

वैभव जिना उतरून वडिलांकडं गेला. वडील काय म्हणाले ते त्यानंच मला सांगितलं. "तीन हप्ते वर डोस्कं आपटून राहिलाव? खाली रोज बैलवाले येऊन बसतेत. एकाला इचारायचं व्हतं की." तीन आठवडे वरच्या मजल्यावर वजनाचं गणित चाललं होतं आणि खाली पेंडेच्या पोत्यांवर त्याचं उत्तर तंबाखू मळत बसलेलं होतं. मधे फक्त अठरा पायऱ्या.

नवा साचा करायचा तर खऱ्या बैलाचे सगळीकडून, अगदी खुरापासून कानापर्यंत, दोनशे-अडीचशे फोटो लागतात. मग संगणक ते जोडून बैल उभा करतो. अट एकच: तोवर बैलानं हलायचं नाही. वडिलांच्या ओळखीच्या एका गिऱ्हाइकाच्या बैलाचे फोटो पोरांनी दुसऱ्याच दिवशी काढले. बैल उभा राहिला, पण माश्या उभ्या राहिल्या नाहीत. संगणकानं जो बैल जोडून दिला त्याला तीन शेपट्या होत्या आणि एक कान पोटाला. वैभवनं मला तो पाठवला.

मामांना दाखवला. ते हसले नाहीत. "बैल असा उगं कामून उभा ऱ्हाईल? त्याला काय फोटोची हौस हाय? परवा खांदमळणी हाय. तवा या. त्या दिवशी त्यो हलत न्हाई."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या जागेला तेवढा एक दिवस हात लागतो आणि त्या वेळी बैल डोळे अर्धे मिटून उभा राहतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात तो उभा राहतो याचा उपयोग काय, ते लिहिलेलं नव्हतं.

मामांच्या गावात आता बैलजोड्या तीनच. मामांनी स्वतःची दोन वर्षांपूर्वी विकली. गुडघे गेले, वैरणपाणी बघायला कुणी नाही, शेत तासावर ट्रॅक्टर सांगून होतं. म्हणून शेजारच्या गयाबाईंची जोडी ठरली. गयाबाई साठीच्या, विधवा, आवाज गावभर जाणारा. मी आणि वैभव पोचलो तेव्हा गोठ्यापुढं निम्मी गल्ली जमा झालेली.

"कशाचे फोटू हायत?"

"विम्याचे असतील."

"न्हाई बे, जनावराचं बी केवायसी आलंय आता."

"आधारला जोडून राहिलेत का? ठसा कुठला घ्यायचा, खुराचा का?"

गयाबाईंनी पदर खोचला, वाटीत हळद-लोणी कालवलं आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आज आवतण, उद्या जेवायला ये." मग मळायला लागल्या. बैल खरोखर थांबला. कातडी थरथरायची तीही थांबली. वैभव मोबाइल धरून फिरत होता, वाकून, उकिडवा बसून, पोटाखालून, बाजेवर चढून. अकराव्या की बाराव्या फेरीला गयाबाईंनी मान वर केली.

"ए बाबा, मारुतीला एवढ्या फेऱ्या घातल्या असत्यास तर लगीन जमलं असतं तुझं."

"त्यासाठीच गेम करून राहिलोय मावशी," वैभव म्हणाला.

"मंग मार आणखी चार."

संगणकानं या वेळी एकच शेपटी दिली. वशिंडही दिलं, पिवळंधमक, लोण्यानं चकाकणारं. वैभवला ते तसंच ठेवायचं होतं, फार सुंदर दिसतंय म्हणत होता. मी मामांना विचारलं. "पुसून टाक म्हणावं. सकाळी धुतेतच. हळद लावून कोण औत हाणतंय?" वैभवनं पुसली. मग न दिसणारा खिळा काढला आणि जोडी जुंपली. जू वशिंडाला टेकलं आणि राहिलं. तीन आठवड्यांत वाढवून ठेवलेलं वजनाचं, ओलीचं, दोरांचं सगळं गणित पोरांनी एका दुपारी पुसून टाकलं. काही बिघडलं नाही. त्या गणिताची गरज कधीच नव्हती.

तारखेला आवृत्ती गेली. दोन दिवसांनी बेंगळुरूहून बैठक झाली, पडद्यावर. मी त्या दिवशी लातूरला वैभवच्या शेजारी होते. तिकडची बाई हुशार होती, शांत होती आणि तिनं खरंच दोन तास नांगरून बघितलं होतं. तासाचं टोक, वळण, मातीचं ढेकूळ, सगळं तिला आवडलं. घेऊ म्हणाली. वैभवनं टेबलाखाली मूठ आवळली. मग ती म्हणाली, एक बदल हवा. त्यांनी काही लोकांना खेळायला बसवलं होतं, ती माणसं बैलाला लवकर कंटाळतात. तिसऱ्या टप्प्यावर ट्रॅक्टर द्या. बैल विकून ट्रॅक्टर घेता आला पाहिजे. ट्रॅक्टरशिवाय हा गेम आम्हाला नेता येणार नाही.

वैभवनं हो म्हटलं. त्या जागी मीही म्हटलं असतं. अठरा पायऱ्यांखाली पोती थांबली होती. तरी बैठक संपल्यावर तो मला म्हणाला, "ताई, एवढा बैल उभा केला, तो विकायसाठी का?"

मामा दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा माझ्याकडं आले होते. त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "बरोबर हाय तिचं. आम्ही बी तेच केलं."

बैल विकायची सोय पोरांनी आठवड्यात केली आणि ती तपासायला माझ्याकडं आली. शेजारच्या गावचा माणूस येतो, सौदा होतो, बैल जातो, ट्रॅक्टर येतो. साधी गोष्ट चाळीस तऱ्हांनी तपासावी लागते. जोडीतला एकच विकला तर? नांगराला जुंपलेला असताना विकला तर? पाऊस चालू असताना? मी दिवसभर बैल विकत होते. बहुतेक सगळं नीट होतं. मग एका खेपेला ट्रॅक्टर लावून झाला, गेममधली संध्याकाळ झाली, आणि विकलेला बैल फाटकातून आत आला आणि रिकाम्या दावणीपाशी उभा राहिला.

मी पुन्हा विकला. पुन्हा आला. हे पुन्हा घडत होतं, त्यामुळं कारण सापडायला वेळ लागला नाही. गेममधल्या प्रत्येक जनावराच्या खात्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: मालक कोण आणि घर कुठं. विक्रीत मालक बदलला होता. घर पुसायचं राहिलं होतं.

मामा मागं बसलेले होते.

"आला का?" ते म्हणाले. कुणीतरी यायचंच होतं, अशा आवाजात.

"चूक आहे मामा. यायला नको."

"चूक कशाची? येतंय की. आमचा पाखऱ्या आला होता. दोनदा."

हे मला माहीत नव्हतं. मामांनी कधी सांगितलं नव्हतं.

"मग काय केलंत?"

"काय करणार? पाणी पाजलं. रातभर ऱ्हाऊ दिला. सकाळी नेऊन सोडला."

"टेम्पोनं?"

"न्हाई, चालत. सात कोस हाय." मामांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "टेम्पोत घातलं की त्याला कळतंय, इकून राहिलेत म्हणून. चालत नेलं की वाटतंय, कामाला चाललो."

मी नोंद लिहिली. बैल विकला; बैल जायला हवा होता; संध्याकाळी परत आला; कारण, घर पुसलेलं नाही. चूक आहे का नाही, हा रकाना असतो. तो मी मोकळा सोडला आणि मामा जे बोलले ते खाली तसंच लिहून पाठवलं.

वैभवचा फोन दुपारी आला.

"ताई, घर पुसायला एक ओळ लागते. दोन मिनिटांचं काम."

"माहीत आहे."

"चालत न्यायचा रस्ता करायचा तर चार दिवस. झाडं, ओढा, दुसरं गाव. आणि बाईंना पटंल का, सांगता येत नाही. त्यांनी हो म्हटलंय, आता उगं डिवचलं तर..."

"तुझा गेम आहे वैभव. टेस्टरनं सांगायचं असतं, ठरवायचं नसतं."

"तुम्ही रकाना मोकळा सोडलाय."

"हो."

त्यानं फोन ठेवला. चार दिवसांनी नवी आवृत्ती आली. विकलेला बैल आता संध्याकाळी परत येतो. सकाळी त्याचं दावं हातात धरून खेळणाऱ्यानं त्याला शेजारच्या गावी चालत न्यायचं. अकरा मिनिटं लागतात. वाटेत काही घडत नाही. लुटारू नाहीत, बक्षीस नाही, गुण नाहीत.

बेंगळुरूच्या बाईंनी तो भाग दोनदा खेळून बघितला, असं त्यांनी कळवलं. राहू द्या म्हणाल्या. फक्त ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक बटण हवं. वैभवनं बटण दिलं. गेम बाजारात गेला तो बटणासकट. फार गाजला नाही, बुडालाही नाही. वरच्या मजल्यावर अजून पोरंच आहेत, पेंडेसाठी वडिलांनी मागच्या बाजूला पत्रे टाकून घेतले. लोकांच्या अभिप्रायात सगळ्यांत जास्त तक्रार त्या अकरा मिनिटांचीच आहे. नुसतं काय चालायचं, असं विचारतात. बटण दिसलं नाही का, असं मी कुणाला विचारत नाही.

बाजारात जायच्या आधीची शेवटची तपासणी चालू होती तेव्हा मामा घरी निघायच्या तयारीत होते. दोन्ही डोळे नवे. पिशवी भरून दारात ठेवलेली. म्हणाले, एकदा मला धरू दे. मी खुर्ची दिली, कुठली कळ दाबली की चालतो ते दाखवलं. मामांनी दावं धरलं आणि निघाले. फार हळू चालवत होते. ओढ्यात थांबले, बैलाला पाणी पिऊ दिलं. बैल पाणी पितो, हे मीही तपासलं नव्हतं.

"ते कोपऱ्यात काय लिव्हलंय?"

"चालायचं नसेल तर ते दाबायचं."

"आन् मंग बैल कसा जातो?"

"जातो आपोआप."

"हं," मामा म्हणाले आणि चालत राहिले.

दुसरं गाव आलं. घर आलं, खुंटा आला, बैल खुंट्यापाशी उभा राहिला. पडद्यावर अक्षरं आली, दावं सोडण्यासाठी मोठी कळ दाबा. मामांनी ती वाचली. नव्या डोळ्यांनी त्यांना आता सगळं वाचता येत होतं. त्यांनी कळेवर बोट ठेवलं, मग हात उचलून मांडीवर घेतला आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"तू दाब बाई," ते म्हणाले.

मी दाबली. ते माझं काम होतं.